मोठा कारवानी घरी आणायचाय: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी रेस्क्यू झालेल्या मोठ्या कुत्र्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की पिल्लाच्या मागे लागण्याआधी शेल्टरमधल्या चार-पाच वर्षांच्या कुत्र्याकडे एकदा बघून या. त्यावर भरपूर पत्रं आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं शिकारी जातींबद्दल आहेत, कारवानी, पश्मी, मुधोळ, अगदी ग्रेहाऊंडसुद्धा. मी सोलापूरला 22 वर्षं प्राण्यांची डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतेय, हीच कुत्री बघत आलेय, आणि माझ्या घरातही एक आहे, त्यामुळे यावेळी सगळा कॉलम त्यांचाच.

प्रश्न : मॅडम, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, टू बीएचके फ्लॅट, दुसरा मजला. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. ओळखीतल्या एका ताईंकडे एक कारवानी फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आहे, बार्शीच्या बाजूला हायवेलगत सापडला, चार-पाच वर्षांचा असेल, गळ्यात तुटकी दोरी होती आणि मागच्या पायावर जुन्या जखमेचा व्रण आहे. आम्ही बघून आलो, खूप शांत वाटला, जवळ आला नाही पण पळूनही गेला नाही. आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. मिस्टर म्हणतात मोठं कुत्रं लळा लावत नाही, पिल्लूच आणू. सासूबाई म्हणतात शिकारी जात, पोरीला चावेल. आणि मला वाटतं एवढ्या धावणाऱ्या प्राण्याला फ्लॅटमध्ये कोंडणं बरोबर आहे का? खरं काय ते सांगा.

उत्तर : खरं सांगायचं तर, आणा. पण लगेच या रविवारी नको. आधी अजून दोन-तीन वेळा जाऊन भेटा, सगळे जा, सासूबाईंना पण न्या, त्यांना लांब खुर्चीत बसवा आणि त्याच्याशी काही करू नका, नुसतं बसा. जो कुत्रा जवळही येत नाही आणि पळतही नाही तो विचार करतोय, त्याला विचार करू द्या.

फ्लॅटचं आधी सांगते कारण तो सगळ्यात सोपा आहे. लोकांना वाटतं शिकारी कुत्रा म्हणजे दिवसभर धावणारा. तसं नसतं, हा प्राणी दोन मिनिटं वाऱ्यासारखा सुटतो आणि मग उरलेला दिवस झोपतो. माझ्याकडचा हरण्या दिवसातले चौदा-पंधरा तास अंग टाकून पडलेला असतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून एकदा-दोनदा पूर्ण कंपाउंड असलेल्या मैदानात मोकळं धावणं, एवढं मिळालं तर टू बीएचके त्याला पुरतो. लॅब्रेडॉरचं पिल्लू तुमच्या घराचा जेवढा खेळखंडोबा करेल त्याच्या पावपटही हा करणार नाही. मात्र गुळगुळीत टाइल्सवर त्यांचे पाय घसरतात आणि अंगावर चरबी नसल्यामुळे नुसत्या फरशीवर बसून कोपरं सोलवटतात, तेव्हा जाड गादी हवी. पुण्याच्या डिसेंबरात हा कुत्रा अक्षरशः थरथरतो, तेव्हा जुनी घोंगडी काढून ठेवा.

आता लळ्याचं. मिस्टरांना सांगा, पिल्लू म्हणजे बंद पाकीट असतं, मोठं होऊन काय निघेल कुणालाच माहीत नसतं. पाच वर्षांचा कुत्रा तुमच्यासमोर उघडा आहे, स्वभाव बनलाय, उंची-वजन ठरलंय, माणसांशी कसा वागतो, पोरांना बघून काय करतो, एकटा राहिला तर रडतो का, हे सगळं फॉस्टर ताई आजच सांगू शकतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख झाला, मुधोळचं नाव घरोघरी पोचलं, त्याआधी 2016 मध्ये लष्कराने मुधोळ ट्रेनिंगसाठी नेले होते तेव्हाही बातम्या आल्या होत्या. चांगलीच गोष्ट, आपल्याच मातीतली जात, लातूर-सोलापूर-विजापूर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी सांभाळलेली, कान-शेपटीला झालर असलेला तो पश्मी आणि आखूड केसांचा तो कारवानी. पण माझ्या दवाखान्यात त्यानंतर काय दिसलं तर हौसेने पिल्लं नेलेली माणसं वर्ष-दीड वर्षाने विचारायला लागली, डॉक्टर कुणाला हवाय का बघा ना, फार पळतो. पिल्लाला दहा गिऱ्हाईकं आणि मोठ्याला एकही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लळा लागतो, पण त्याच्या वेळेने. आम्ही ढोबळमानाने सांगतो की पहिले 3 दिवस तो भेदरलेला, 3 आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि 3 महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हरण्या आला तेव्हा सहा वर्षांचा होता, तो पहिले 19 दिवस वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत होता, जेवण मी तिथेच सरकवायचे, त्याच्याकडे बघायचं पण नाही असं ठरवलं होतं. विसाव्या दिवशी मी खाली बसून मेथी निवडत होते आणि मांडीवर काहीतरी वजन आलं, बघितलं तर त्याची हनुवटी. मी अर्धा तास हललेच नाही, मेथी तशीच.

सासूबाईंचा प्रश्न मी हलक्यात घेणार नाही कारण दात प्रत्येक कुत्र्याला असतात. या जाती माणसांच्या बाबतीत बुजऱ्या असतात, अंगावर जाण्यापेक्षा मागे सरकतात. पण झोपेत हात लावला की ते दचकतात, काही जण अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात आणि आपल्याला वाटतं जागा आहे, आणि अशा दचकण्यात गुरगुरणं किंवा दात लागणं होऊ शकतं. म्हणून मुलीला एकच नियम पाठ करून घ्या, की तो गादीवर असताना त्याला हात लावायचा नाही, लांबून नावाने हाक मारायची आणि तो उठून आला तर लाड करायचे. मिठी नाही, जेवताना जवळ जाणं नाही. आठ वर्षांच्या मुलीला हे नीट समजतं, बऱ्याचदा पाहुण्यांनाच समजत नाही.

आणि आता ज्यावर मी हटून बसते ते, म्हणजे दार. ही कुत्री वासावर नाही तर नजरेवर शिकार करतात. लांबवर मांजर, खार, प्लॅस्टिकची उडणारी पिशवी दिसली की त्यांच्या कानात तुमचा आवाज जातच नाही, तो हट्टीपणा नाही की ट्रेनिंगची कमतरता नाही, शेकडो वर्षं माणसाने त्यांना असंच निवडून-निवडून घडवलंय. सिंहगड रोडला त्या दोन मिनिटांच्या धावेत किती गाड्या येतील सांगा. त्यामुळे कंपाउंड नसलेल्या मोकळ्या जागेत पट्टा कधीच सोडायचा नाही, पाच वर्षांनी पण नाही. यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साधा कॉलर घातला आणि तो मागे सरकला की कॉलर तुमच्या हातात आणि कुत्रा रस्त्यावर. मार्टिंगेल नावाचा रुंद कॉलर मिळतो जो ओढला की थोडासा आवळतो पण गळा दाबत नाही, तो घ्या आणि पहिले तीन महिने त्याच्या जोडीला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, आणि हातातली दोरी दोन्हीला अडकवायची. घराला सेफ्टी डोअर आहे ना? बेल वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग दार, हे सासूबाईंसकट सगळ्यांना. आणि सुटलाच तर मागे धावू नका, तुम्ही कधीच गाठणार नाही, उलट्या दिशेला पळा किंवा खाली बसा आणि खायची पिशवी वाजवा. महापालिकेचा परवाना काढा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घाला, जमलं तर मायक्रोचिप.

प्रश्न : मी नाशिकची. माझ्याकडे पश्मी फीमेल आहे, रेस्क्यू, अंदाजे तीन वर्षांची, येऊन महिना झाला. नसबंदीचं ऑपरेशन करायचं म्हणून ब्लड टेस्ट केली तर प्लेटलेट्स 1 लाख 10 हजार आल्या. एक जण म्हणतात टिक फीव्हर आहे, दुसरे म्हणतात या जातीत असंच असतं. बरगड्या पण दिसतात, लोक रस्त्यात थांबवून विचारतात खायला घालत नाही का.

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून तर अंदाजावर सोडायचं नाही. ग्रेहाऊंडसारख्या जातींत प्लेटलेट्स इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच कमी असतात, थायरॉइडची लेव्हल पण कमी येते आणि लाल पेशींचं प्रमाण जास्त असतं, हे माहीत नसेल तर चांगल्या तब्येतीच्या कुत्रीला आजारी ठरवून औषधं सुरू होतात. पण आपल्याकडे रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात गोचिडातून आलेला ताप इतका कॉमन आहे की मी आधी तोच शोधते. रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी, आणि अर्लिकियाची, म्हणजे या तापाच्या जंतूची, किट टेस्ट करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो, तो जेवणाबरोबर द्यायचा आणि आठव्या दिवशी ती उड्या मारायला लागली म्हणून मधेच बंद करायचा नाही, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, अंगावर लाल ठिपके, यातलं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

ऑपरेशन हे सगळं निस्तरल्यावर. आणि तुमच्या डॉक्टरांना भूल द्यायच्या आधी स्पष्ट सांगा की ही साइटहाऊंड, म्हणजे नजरेवर शिकार करणाऱ्या जातीची, आहे. त्यांना ते दिसेलच, पण कॅम्पमध्ये दिवसाला वीस-वीस ऑपरेशनं असतात तेव्हा सांगितलेलं बरं. थायोपेंटोनसारखी भूल या कुत्र्यांच्या अंगातून फार हळू उतरते, अंगात चरबी नाही आणि लिव्हर ते औषध सावकाश काढतं, त्यामुळे इतर कुत्री तासाभरात उठून बसतात तिथे ही कितीतरी तास पडून राहते. प्रोपोफॉल आणि गॅसची भूल असेल तिथेच करा, चार पैसे जास्त गेले तरी चालेल. ऑपरेशन टेबलवर आणि नंतर अंग गार पडू देऊ नका, ब्लँकेट घेऊन जा.

बरगड्यांचं म्हणाल तर शेवटच्या दोन-तीन दिसणं आणि कमरेची हाडं थोडी वर दिसणं हे तिच्या बांध्यात नॉर्मल आहे. सगळ्या दिसत असतील, मणके मोजता येत असतील, मांड्या सपाट असतील तर उपासमार. भरपूर घालून महिन्यात गुटगुटीत करायचा प्रयत्न नको, दिवसातून तीन-चार वेळा थोडं-थोडं, भातात चिकन किंवा अंडं, आणि वजन दर पंधरा दिवसांनी. पळून आल्या-आल्या पोटभर जेवण नको, तासभर जाऊ द्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. शी मध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसतंय का बघा, ते पट्टकृमीचे तुकडे, त्याचं औषध वेगळं असतं आणि सोबत पिसवाही घालवाव्या लागतात नाहीतर परत येतात.

प्रश्न : डॉक्टरताई, मी सांगोल्याजवळचा शेतकरी. आमच्या वस्तीवर एक कारवानी कुत्री आलीय, कुणीतरी सोडून गेलंय. दोन महिने झाले, पोरांनी नाव पण ठेवलं, बिजली. पण तिनं दोन कोंबड्या मारल्या. भावकीतली पोरं म्हणत्यात ससं धरायला नेऊ, नाहीतर नुसतं खायला घालून उपयोग काय. मला तिला ठेवायचीय पण हे कसं करायचं?

उत्तर : दादा, दोन महिने सांभाळलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. सशाचं मात्र सरळ नाही म्हणून सांगा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, जेल होते, आणि कुत्री तुमची म्हटल्यावर नाव तुमचं येणार. आमच्या वाडवडिलांपासून चालत आलंय हे मीही ऐकत मोठी झालेय, माझ्या आजोळी दोन कारवानी होते. पण मी हे पण बघितलंय की तारेत फाटलेली, फाशात पाय अडकलेली, धावता-धावता पाय मोडलेली कुत्री लोक परत घरी नेत नाहीत. तुमच्या वस्तीवर ही जी आलीय ती कदाचित तशीच सुटलेली असेल, लंगडते का बघा, आणि कातडीवर जुने व्रण आहेत का, यांची कातडी पातळ असते, काटेरी तारेने कापडासारखी फाटते.

कोंबड्यांवर तिला मारून काही उपयोग नाही, पळणारं दिसलं की ती धरणारच. कोंबड्या खुराड्यात किंवा जाळीत, आणि त्या मोकळ्या सोडायच्या वेळेला बिजली बांधलेली किंवा आत. दिवसभर साखळीला मात्र ठेवू नका, लांब पट्ट्यावर तुमच्याबरोबर बांधावर फिरवा. शेळ्यांच्या पिलांजवळ एकटी सोडू नका. उपयोग विचारता तर रात्री वस्तीवर कोण आलं ते तुमच्या आधी तिला दिसेल, पण उपयोग नसता तरी तुमच्या पोरांनी नाव ठेवलंय तिला.

तिला तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, रेबीजची लस आजच, आणि नसबंदीचं विचारा. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की दोन महिन्यांत पिल्लं, मग सहा-सात कुत्र्यांचं काय करणार? नुसती भाकरी आणि ताक पुरत नाही बरं का, 20-25 किलोच्या कुत्रीला भाकरीसोबत रोज दोन अंडी किंवा थोडं मटण-चिकन हवं.

प्रश्न : ठाण्यात राहते, घरात नऊ वर्षांची मांजर. रेस्क्यू मुधोळ आणू का?

उत्तर : माझं मत, नको. काही कुत्री घरातल्या मांजराला घरचं समजून घेतात, पण त्यासाठी आधी तपासावं लागतं, मुसकी आणि पट्टा घालून, आणि महिनोन्‌महिने दोघांना एकटं सोडता येत नाही, आणि घरात जमलं तरी तेच मांजर गॅलरीतून पळालं की कुत्रा सगळं विसरतो. नऊ वर्षांच्या मांजराने हा ताण का सोसायचा? फॉस्टरच्या घरी आधीच मांजरांबरोबर राहिलेला असेल तरच विचार करा.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. तिथल्या ग्रेहाऊंड अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅममधून रेसिंगमधून रिटायर झालेला ग्रेहाऊंड आणलाय, तीन वर्षांचा. जिना चढत नाही, आरशाला आणि मिक्सरला घाबरतो. डिसेंबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, बाबा कुत्र्यांना घाबरतात. जमेल का?

उत्तर : जमेल, घाबरणारे दोन जण एकाच घरात म्हणजे दोघंही हळू चालतील, ते चांगलंच आहे. रेसिंगच्या कुत्र्याचं सगळं आयुष्य केनेल आणि ट्रॅक, त्याने घर बघितलेलंच नसतं, जिना, काच, टीव्ही, मिक्सर सगळंच नवीन. वयाने तीन पण घराच्या बाबतीत तो तीन आठवड्यांचा आहे असं धरा. जिना वरून सुरू करू नका, खालच्या दोनच पायऱ्या, एक जण पुढे खाऊ घेऊन, एक जण मागे कमरेला आधार देऊन, एकेक पाय हाताने उचलून ठेवायचा, रोज पाच मिनिटं. मिक्सर लावायच्या आधी त्याला लांबच्या खोलीत काहीतरी चघळायला द्या.

तुमच्याकडे व्हिक्टोरियात 2019 पासून पाळलेल्या ग्रेहाऊंडला बाहेर मुसकी सक्तीची राहिली नाही, पट्टा मात्र आहेच, आणि पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून त्याला मुसकी घालून बाबांना भेटवलात तर त्यांच्या मनाला बरं वाटेल. त्याला पण सवय असते मुसकीची. बाबांना फक्त एकच काम द्या, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला त्याच्या भांड्यात जेवण टाकून लांब जाऊन बसायचं. दोन महिन्यांत काय होतं ते मला कळवा. आणि आईंना विमानतळावरून घरी येताना गाडीतच सांगा, शिऱ्यातले बेदाणे, लाडवातल्या मनुका, कांदा घातलेलं काहीही याला द्यायचं नाही. मनुकांनी कुत्र्याच्या किडन्या फेल होतात, आणि आजी लोकांचा हात प्रेमाने कधी खाली जातो ते दिसत नाही.

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, निवृत्त शिक्षक, वय 68, दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, मुलगा बंगळुरूला. शेल्टरमध्ये आठ वर्षांची एक कारवानी आहे, तोंड पांढरं झालंय, तिला कुणी नेत नाही. मुलगा म्हणतो बाबा या वयात नको, उद्या तिलाच काही झालं तर तुम्हाला परत त्रास. काय करावं?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाची काळजी खोटी नाही, या जातीची कुत्री साधारण 10-12 वर्षं जगतात, काही त्याहून जास्त, म्हणजे तुमच्याकडे तिची कदाचित तीन-चार वर्षं असतील आणि शेवटी तुम्हाला तिच्यासाठी रडावं लागेल, हे मी लपवत नाही. पण ती आत्ता सिमेंटच्या फरशीवर झोपतेय, आणि आठ वर्षांच्या शांत कुत्रीला जे हवं असतं, म्हणजे ठरलेल्या वेळेला फिरणं, मऊ जागा, घरात दिवसभर कुणीतरी, ते सगळं तुमच्याकडे आहे. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यापेक्षा तुम्ही तिला जास्त योग्य आहात असं मला वाटतं.

आणायच्या आधी तिचं रक्त, लघवी, दात आणि हृदय तपासून घ्या, शेल्टरला तसं सांगा, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. पट्टा मनगटाला गुंडाळून कधीच धरू नका, तिने मांजर बघून झटका दिला तर तुम्ही पडाल, कमरेला बांधायचा पट्टाही नको, नुसता हातात धरा आणि झटका आला तर सोडून द्या, म्हणून सकाळची फेरी गाड्या नसलेल्या गल्लीत किंवा गेट लावता येणाऱ्या मैदानात. सांधे दुखतात असं वाटलं तर आपल्या डब्यातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी आहेत. आणि तुम्हाला दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ आली तर तिला कोण बघणार ते आजच ठरवा, शेजारी असो की शेल्टरचंच कुणी, एका कागदावर तिचं खाणं, लसी, डॉक्टरांचा नंबर लिहून फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो मुलाला पाठवा. त्याच्या काळजीचा अर्धा भाग त्या कागदाने जाईल. मुलाला एकदा शेल्टरला घेऊनही जा, सुट्टीला आला की.